भागभांडवल: अर्थ, इतिहास आणि व्यवहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सामाईक पैशावर चालणारा कुठलाही धंदा समजून घ्यायचा असेल, तर तीन गोष्टी विचाराव्यात: नफा कोणाला, तोटा कुठपर्यंत आणि शब्द कोणाचा चालणार. पेढी असो, कंपनी असो की साखर कारखाना, बहुतेक घोटाळे या तिन्हींचं उत्तर एकच आहे असं गृहीत धरल्यामुळे होतात. खालच्या उत्तरांतही हे तीन प्रश्न पुन्हा पुन्हा येतील. कायद्याचे तपशील भारतातले आहेत आणि सहकाराचे महाराष्ट्रातले.

१. भागभांडवल म्हणजे काय? शेअर, समभाग, भाग हे सगळं एकच का?

धंद्याला लागणारा पैसा अनेकांनी घातला आणि कोणाचा किती याची नोंद ठरावीक भागांत ठेवली, की ते भागभांडवल. दहा लाखांच्या भांडवलाचे दहा-दहा रुपयांचे एक लाख भाग पाडले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक शेअर. 'समभाग' हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण काटेकोरपणे तो इक्विटी शेअरचा. प्रेफरन्स शेअर म्हणजे अग्रहक्क भाग. त्याला ठरलेल्या दराने लाभांश आधी मिळतो, एरवी सर्वसाधारण मत नसतं, आणि कंपनीला तो वीस वर्षांच्या आत परत घ्यावा लागतो (पायाभूत प्रकल्पांना थोडी सूट आहे). सलग दोन वर्षं लाभांश थकला, तर मात्र त्यालाही मत मिळतं.

कर्ज आणि भांडवल यांतला फरक साधा आहे. कर्ज देणारा मुदत संपली की मुद्दल मागतो. शेअरवाल्याला मुद्दल मागता येत नाही, त्याने आपला भाग दुसऱ्याला विकायचा असतो. बाजारपेठेत यासाठी 'पाती' हा जुना शब्द आहे. 'रुपयात चार आणे पाती' म्हणजे २५ टक्के. आणे चलनातून गेले, हिशेबातून अजून गेलेले नाहीत.

२. शेअर घेतला म्हणजे कंपनीच्या जागेचा, मशिनचा थोडा तरी मालक झालो ना?

नाही. जागा, मशिन, गोदामातला माल हे सगळं कंपनीचं, आणि कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने तुमच्याहून वेगळी व्यक्ती. तुमचा हक्क आहे तो जाहीर झालेल्या लाभांशावर, मतावर आणि कंपनी गुंडाळताना देणी भागून काही उरलं तर त्यातल्या वाट्यावर.

हा मुद्दा मुंबईच्या एका भागधारकाच्या प्राप्तिकर प्रकरणात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. चहाच्या कंपनीच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा म्हणून करमुक्त होता. मग मला मिळालेल्या लाभांशाचा तेवढा भागही शेतीउत्पन्न धरा, असं भागधारकाचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. मळा कंपनीचा, भागधारकाचा त्याच्याशी थेट संबंध नाही.

उलट बाजूचं उदाहरण १९२५ चं, उत्तर आयर्लंडमधलं. मकौरा नावाच्या जमीनदाराने आपलं लाकूड स्वतःच्याच कंपनीला विकलं, पण आगीचा विमा स्वतःच्या नावावर उतरवला. लाकूड जळलं आणि विम्याचा दावा फेटाळला गेला, कारण लाकूड त्याचं उरलेलंच नव्हतं. आपल्याकडे घरच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत ही चूक आजही सर्रास दिसते: गाडी, गोदाम, स्टॉक कंपनीचा आणि विमा मालकाच्या नावावर. तुमची पॉलिसी एकदा काढून नाव बघा.

३. भागीदारी, एलएलपी, प्रायव्हेट लिमिटेड, सहकारी संस्था: नेमका फरक काय?

सुरुवातीला सांगितलेले तीन प्रश्न (नफा कोणाला, तोटा कुठपर्यंत, शब्द कोणाचा) लावून बघा.

साध्या भागीदारीत (कायदा १९३२ चा) नफा करारात ठरेल तसा, तोट्याला मर्यादा नाही. पेढीचं देणं कुठल्याही एका भागीदाराकडून पूर्ण वसूल होऊ शकतं, मग त्याची पाती दोन आण्यांची का असेना. एकाने केलेला व्यवहार सगळ्यांना बांधतो. भागीदार जास्तीत जास्त ५०.

एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी (कायदा २००८ चा), चालते भागीदारीसारखी, पण तोटा आपापल्या योगदानापुरता.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला किमान २ आणि कमाल २०० भागधारक, पब्लिक लिमिटेडला किमान ७. तोटा शेअरच्या रकमेपुरता, मत शेअरच्या संख्येवर. किमान एक लाख भांडवलाची जुनी अट २०१५ मध्ये गेली.

सहकारी संस्थेत तोटा मर्यादितच, पण मत माणशी एक. दहा शेअर असोत की हजार (प्र. १२).

४. आमची भागीदारी तोंडी आहे, वाटे लिहिलेले नाहीत. भांडण झालं तर कायदा काय धरतो?

सगळ्यांना सारखा वाटा. एकाने वीस लाख घातले आणि दुसऱ्याने दोन, तरी वेगळं ठरल्याचं सिद्ध झालं नाही तर नफा-तोटा निम्मा-निम्मा. कामाचा पगार कोणालाच नाही. भांडवलावर व्याज करारात ठरलं असेल तरच, आणि तेही नफ्यातूनच. भांडवलाच्या वर जे पैसे पेढीला उसने दिले, त्यावर मात्र ६ टक्के.

तोंडी भागीदारी बेकायदा नाही. पण पेढीची नोंदणी नसेल तर गिऱ्हाइकाकडून उधारी वसूल करायला पेढीला दावा लावता येत नाही, आणि भागीदारांना एकमेकांवरही करारातल्या हक्कासाठी लावता येत नाही. तुमच्यावर मात्र कोणीही लावू शकतो.

सर्वांत महाग पडते ती बाहेर पडतानाची चूक. हिशेब झाला, हात मिळवले, तरी सार्वजनिक नोटीस दिली नाही तर मागे राहिलेल्यांनी नंतर केलेली देणीही तुमच्या अंगावर येऊ शकतात. नोंदणीकृत पेढीसाठी ही नोटीस तीन ठिकाणी लागते: निबंधकांकडे, राजपत्रात आणि स्थानिक भाषेतल्या एका वर्तमानपत्रात. भागीदार वारला तर पेढी संपते. करारात 'चालू राहील' असं कलम असेल तरच चालते. दोघांचीच पेढी असेल तर ते कलमही उपयोगाचं नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही.

५. सामाईक भांडवलाची कल्पना इंग्रजांनी आणली का?

कंपनीचा कायदा त्यांनी आणला, कल्पना नाही. धर्मशास्त्रात वादाचे जे अठरा विषय आहेत, त्यात 'संभूयसमुत्थान' हा स्वतंत्र विषय आहे. अर्थ: एकत्र येऊन केलेला उद्योग. याज्ञवल्क्यस्मृतीचा नियम असा की एकत्र व्यापार करणाऱ्यांनी नफा-तोटा ज्याच्या-त्याच्या द्रव्याच्या प्रमाणात घ्यावा, किंवा आधी ठरलं असेल तसा. पुढचा नियम तर आजच्या करारनाम्यात घालावा असा आहे. ज्याने मना केलेलं किंवा न सांगितलेलं काम केलं, किंवा हलगर्जीने माल घालवला, त्याने भरपाई द्यावी. आणि संकटातून ज्याने माल वाचवला त्याला दहावा हिस्सा. या स्मृतीवरची 'मिताक्षरा' टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली. आजचं बसवकल्याण, बीदर जिल्हा, आपल्या सीमेलगत.

या नियमांत नफा आणि जबाबदारी यांचा विचार बारकाईने आहे. तोट्याला घातलेली मर्यादा मात्र त्यात नाही, आणि धंदा न मोडता आपला वाटा तिऱ्हाइताला विकून मोकळं होण्याची सोयही नाही. आधुनिक शेअरचा इतिहास मुख्यतः या दोन गोष्टींचा आहे.

६. जगातली पहिली शेअर कंपनी कोणती? ईस्ट इंडिया कंपनी ना?

'पहिली' कशाला म्हणायचं त्यावर आहे. स्वीडनमध्ये फालूनच्या तांब्याच्या खाणीतला एक अष्टमांश वाटा बिशपाने परत मिळवल्याचं १२८८ चं खत उपलब्ध आहे. फ्रान्समध्ये तुलूझच्या पाणचक्क्यांचे वाटे चौदाव्या शतकात विकले-घेतले जात.

लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी, पण सुरुवातीला तिचं भांडवल सफरीपुरतं असे. जहाजं गेली, परतली, माल विकला, वाटप झालं, हिशेब बंद. पुढच्या सफरीला नवी वर्गणी. कायमचं भांडवल तिला १६५७ मध्ये मिळालं.

डच ईस्ट इंडिया कंपनीने, म्हणजे व्हीओसीने, १६०२ मध्येच सफरीपुरता हिशेब सोडून दीर्घ मुदतीचं भांडवल गोळा केलं. सुमारे ६४ लाख गिल्डर (तिथलं चलन) जमले. एकट्या ॲम्स्टरडॅममध्ये हजारावर लोकांनी नावं घातली, त्यात १०० गिल्डर भरणारी एक मोलकरीणही होती. शेअरचा कागद महत्त्वाचा नव्हता. घेणारा आणि देणारा दोघांनी कंपनीच्या हिशेबनिसासमोर जायचं आणि वहीत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नोंद करून घ्यायची. आजचं डीमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यातली नोंद, याहून फार वेगळं नाही.

पैसे परत मागता येत नव्हते, म्हणून वाटा विकण्याला महत्त्व आलं, आणि त्यातून शेअर बाजार जन्मला. संचालकांपुढे मात्र भागधारकांचं काही चालत नसे. पहिला लाभांश मिळायला १६१० उजाडलं, आणि तोही रोख नव्हे, जायपत्रीच्या रूपात! घरात पोत्यांनी आलेल्या जायपत्रीचं काय करायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

७. 'लिमिटेड' हा शब्द कधी आला आणि त्याचा नेमका अर्थ काय?

इंग्लंडमध्ये मर्यादित जबाबदारीचा सर्वसाधारण कायदा १८५५ मध्ये झाला, भारतात १८५७ मध्ये. बँका आणि विमा त्यातून वगळले होते. बँकांना ती सवलत १८६० मध्ये मिळाली. त्याआधी खास सनद नसेल, तर कंपनी बुडाल्यावर भागधारकाच्या घरादारापर्यंत घेणेकरी पोचू शकत.

अर्थ असा की शेअरची ठरलेली रक्कम पूर्ण भरली की तुमचं देणं संपलं. इथेच एक अपवाद लोक विसरतात, अंशतः भरलेले शेअर. शेअर १० रुपयांचा, तुम्ही ४ भरले, तर उरलेले ६ कंपनी पुढे मागू शकते आणि कंपनी बुडाली तरी ते द्यावे लागतात. स्वस्त म्हणून असे शेअर घेणाऱ्यांना हा हप्ता नंतर आठवतो. वेळेत भरला नाही तर शेअर जप्त होऊ शकतात आणि आधी भरलेलेही जातात.

दुसरा अपवाद कायद्यात नाही, बँकेच्या फाइलमध्ये असतो. छोट्या कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांची, कधी त्यांच्या बायकोचीही वैयक्तिक हमी घेते. त्या सहीनंतर 'लिमिटेड' हा शब्द निदान त्या कर्जापुरता पाटीवरच उरतो.

८. मुंबईत शेअर कधी सुरू झाले? दलाल स्ट्रीटच्या आधी काय होतं?

गिरण्यांपासून बघावं. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी काढली. भांडवल ५ लाख रुपये, ५,००० रुपयांचा एक असे १०० शेअर. पाच हजारांचा एक शेअर म्हणजे हा खेळ मूठभर व्यापाऱ्यांचाच होता, आणि मर्यादित जबाबदारीचा कायदा अजून तीन वर्षं दूर होता.

मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. बँका, फायनान्स कंपन्या आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या रोज निघू लागल्या. बॅक बे रेक्लमेशनचा ५,००० रुपयांचा शेअर ५० हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे या काळाचं ठळक नाव. राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाने उभा आहे.

बिघडलं ते असं: बँका शेअर तारण घेऊन कर्ज देत, त्या कर्जातून पुन्हा शेअर घेतले जात, आणि सगळे सौदे १ जुलै १८६५ च्या वायद्याचे. एप्रिलमध्ये यादवी संपली, कापूस कोसळला, आणि वायद्याच्या दिवशी देणारे होते, घेणारा कोणी नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० पर्यंत गेलेला शेअर ८७ रुपयांना विकला गेला. तारणाची किंमत आणि कर्जाची फेड दोन्ही एकाच भावावर टांगली की काय होतं, ते मुंबईने तेव्हाच पाहिलं.

वडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली, तीच पुढे मुंबई शेअर बाजार झाली. सामान्य माणूस मोठ्या संख्येने आला तो स्वदेशीच्या काळात. १९०७ मध्ये टाटांच्या पोलाद कंपनीचे शेअर तीन आठवड्यांत सुमारे ८,००० भारतीयांनी उचलले.

९. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना शेअरवर उभा राहिला होता का?

नाही. अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड ही वर्गणी होती: माणशी वर्षाला एक पैसा, देशी उद्योगासाठी. त्यात भाग नाही, लाभांश नाही, मतही नाही. सामाईक पैसा आणि सामाईक मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दाखवायला यापेक्षा चांगलं मराठी उदाहरण नाही. आजचं क्राउडफंडिंगही बहुतेक वेळा याच जातीचं असतं.

१०. दर्शनी किंमत १०, बाजारभाव ८००, अधिकृत भांडवल ५० लाख. यातलं खरं काय?

तिन्ही खरे, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. अधिकृत भांडवल ही फक्त कमाल मर्यादा. ५० लाख लिहिलेल्या कंपनीत भरलेलं भांडवल एक लाखही असू शकतं. कोणाच्या पत्राच्या मथळ्यावर अधिकृत भांडवल छापलेलं पाहून भुलू नका, भरणा झालेलं विचारा.

दर्शनी किंमत ही हिशेबाची खूण. लाभांशाची टक्केवारी तिच्यावर मोजतात, म्हणून '२०० टक्के लाभांश' ऐकून हुरळू नये. दर्शनी किंमत २ रुपये असेल तर तो शेअरमागे ४ रुपये, आणि ८०० च्या भावावर अर्धा टक्का. बाजारभाव म्हणजे आज समोरचा काय द्यायला तयार आहे ते.

११. बोनस, स्प्लिट, राइट्स: यातल्या कशाने माझी मालकी वाढते?

पहिल्या दोहोंनी मुळीच नाही. कंपनीचे १,००,००० शेअर, तुमचे १,०००, म्हणजे १ टक्का. एकास एक बोनस मिळाला: तुमचे २,०००, कंपनीचे २,००,०००. टक्का तोच, भाव साधारण निम्मा. स्प्लिटमध्ये १० रुपयांचा शेअर ५-५ चे दोन होतो. भाकरी तीच, तुकडे जास्त.

राइट्स म्हणजे हक्कभाग वेगळा. कंपनीने चारास एक दराने २५,००० नवे शेअर काढले आणि तुम्ही २५० घेतले नाहीत, तर १,००० भागिले १,२५,००० म्हणजे तुमचा टक्का ०.८ वर येतो. भाव बाजारापेक्षा कमी असेल तर वर नुकसानही. पैसे नसतील तर हक्क दुसऱ्याला देता येतो. शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीत तो डीमॅट खात्यात वेगळ्या नावाने दिसतो आणि मुदतीत विकता येतो. ती ओळ काय आहे ते न कळल्याने मुदत जाऊ देणारे बरेच असतात, आणि मुदतीनंतर तिची किंमत शून्य.

१२. साखर कारखान्याचा शेअर आहे. त्याला भाव का येत नाही?

कारण तो गुंतवणूक म्हणून घडवलेलाच नाही. सहकाराने मत पैशापासून तोडलं: महाराष्ट्राच्या १९६० च्या कायद्यात माणशी एक मत, एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग नाहीत, आणि निबंधकांच्या परवानगीशिवाय १५ टक्क्यांवर लाभांश नाही. शेअर कोणालाही विकता येत नाही, घेणारा सभासद व्हायला पात्र लागतो. संस्था सोडताना साधारणपणे भरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही.

मग फायदा कुठे? गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस पडतो तिथे. सभासदाच्या उसाची नोंद, तोडणीचा क्रम, उसाचा दर आणि सवलतीची साखर, हाच त्याचा खरा लाभांश. लोणीचा प्रवरा कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात गाळपाला लागला, तेव्हा कल्पनाच अशी होती की उसाचा मालक तोच कारखान्याचा मालक.

पाहायची जागा म्हणजे ऊसबिल. टनामागे झालेल्या कपातीपुढे 'परतीची ठेव' लिहिलंय की 'बिनपरतीची' की 'भाग', ते वाचा. ठेव परत मिळते, भाग मालकी देतो, बिनपरतीची रक्कम दोन्ही करत नाही. वर्षानुवर्षं ही कपात होत असते आणि वारसांना ती भाग म्हणून जमा झाली असं वाटत असतं.

१३. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनी की सहकारी संस्था?

नोंदणी कंपनी कायद्यात, वागणूक बरीचशी सहकाराची. ही तरतूद २००३ मध्ये आली. किमान १० उत्पादक लागतात, सभासद फक्त उत्पादकच, वैयक्तिक सभासदांना माणशी एक मत. शेअर बाजारात तिची नोंदणी होत नाही. तिच्यात 'गुंतवणूक करा, शेअर दुप्पट होईल' असं कोणी सांगत असेल तर तिथून उठा.

१४. हाउसिंग सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट ५०० रुपयांचं आहे. फ्लॅट त्याच्यावर आहे का?

सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीचं सभासदत्व: साधारणपणे ५० रुपयांचे दहा भाग, अनुक्रमांकासह. फ्लॅटवरचा हक्क नोंदणीकृत करारनाम्यातून येतो. दोन्ही हवेत, आणि दोहोंवरची नावं जुळायला हवीत. करारनामा नवरा-बायको दोघांच्या नावाने आणि सर्टिफिकेट एकट्याच्या, अशी प्रकरणं विक्रीच्या वेळी अडतात.

विकत घेताना जुन्याच सर्टिफिकेटच्या मागे हस्तांतराची नोंद, तारीख आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या होतात. हस्तांतर शुल्क ५०० रुपये आणि प्रीमियम कमाल २५,०००. घरातल्या माणसाच्या नावे करताना प्रीमियम नाही. 'इमारत निधीला ऐच्छिक देणगी' या नावाखाली जास्त मागितलं जातं, ते द्यायलाच हवं असं नाही. (गोव्यात २००१ चा वेगळा सहकार कायदा आहे, तिथे हे आकडे धरू नयेत.)

१५. मित्राच्या कंपनीत पैसे घातले, तो म्हणाला 'दहा टक्के तुझे'. आता काय तपासू?

बँक ट्रान्सफरने तुम्ही भागधारक होत नाही, वाटप झाल्यावर होता. पैसे मिळाल्यापासून ६० दिवसांत कंपनीने शेअर द्यायला हवेत. नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत, त्यानंतर १२ टक्के व्याजासह. मागा या गोष्टी: वाटपाच्या ठरावाची प्रत, कंपनी निबंधकांकडे भरलेला पीएएस-३ फॉर्म, सभासद नोंदवहीतली तुमची ओळ, आणि दोन महिन्यांच्या आत सर्टिफिकेट. 'लहान कंपनी'च्या व्याख्येत न बसणाऱ्या प्रायव्हेट कंपनीने शेअर डीमॅटमध्येच द्यायचे असतात.

'दहा टक्के' कशाचे, हेही लिहून घ्या. आजच्या शेअरचे, की पुढचा गुंतवणूकदार आल्यानंतरचे? (टक्का कसा घटतो ते प्र. ११ मध्ये.) अनेकदा पैसे 'अनसिक्युअर्ड लोन', म्हणजे बिनतारणी कर्ज, म्हणून वहीत बसलेले निघतात. ताळेबंदात आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे, ते पहिल्याच वर्षी पाहावं.

१६. माझ्याकडे दहा टक्के खरोखर आहेत. त्यांनी काय करता येतं?

दिसतं त्यापेक्षा जास्त. मतदानाच्या भांडवलाचा दहावा हिस्सा असेल तर विशेष सभा मागता येते. संचालकांनी २१ दिवसांत ती बोलवायला हवी. नाही बोलावली तर तुम्ही स्वतः बोलावू शकता. अन्याय-गैरकारभाराविरुद्ध कंपनी न्यायाधिकरणाकडे जायलाही दहावा हिस्सा पुरतो. सभासदांची नोंदवही एका शेअरवाल्यालाही पाहता येते.

निम्म्याहून जास्त मतं म्हणजे साधे ठराव आणि संचालक तुमचे. विशेष ठरावाला, म्हणजे नियमावली किंवा कंपनीचं नाव बदलण्यासारख्या गोष्टींना, पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के लागतात. म्हणून २५ टक्क्यांहून थोडं जास्त असलेला माणूस काही घडवू शकत नसला तरी बरंच अडवू शकतो. भावाभावांच्या कंपनीत ५०-५० ठेवणं सर्वांत गोड वाटतं आणि सर्वांत वाईट अडकतं, कारण तिढा सोडवायला तिसरं मतच नसतं.

१७. आजोबांच्या ट्रंकेत कागदी शेअर सापडले. त्यांचं काही होईल का?

बहुधा होईल, पण क्रम पाळा. आधी कंपनी शोधा: नाव बदललं असेल, विलीन झाली असेल. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आणि शेअर बाजारांच्या याद्यांत जुन्या नावाने माग लागतो. मग कंपनीतर्फे भागधारकांची नोंद ठेवणाऱ्या रजिस्ट्रारला, म्हणजे आरटीएला, फोलिओ क्रमांक (भागधारकाचा खाते क्रमांक) कळवून सध्याची स्थिती विचारा. १०० रुपये दर्शनी किमतीचा कागद पुढे १० च्या शेअरांत बदलला असेल, तर हातातला कागद रद्दही असू शकतो, पण शेअर खात्यात असतात. मूळ सर्टिफिकेट या टप्प्यावर कोणालाही पाठवू नका, विशेषतः 'टक्केवारीवर सोडवून देतो' म्हणणाऱ्याला.

सात वर्षं सलग लाभांश घेतला गेला नसेल तर लाभांश आणि शेअर दोन्ही आयईपीएफ या सरकारी निधीत गेलेले असतात. ते बुडत नाहीत. आधी वारसाच्या नावाची कागदपत्रं कंपनीकडे पूर्ण करून हक्कपत्र घ्यायचं, मग आयईपीएफ-५ फॉर्म भरायचा.

वारसासाठी आयएसआर-५ फॉर्म, मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना-हरकत आणि हमीपत्र. कागदी शेअर एका कंपनीत पाच लाखांपर्यंतचे असतील तर वारसा प्रमाणपत्राशिवाय काम होऊ शकतं. अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर आणि सहीवर. १९७० च्या दशकात 'गो. वि.' असलेले आजोबा मृत्यूच्या दाखल्यावर 'गोविंद विष्णू' असतात, तेव्हा दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबतच जोडा. १ एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपनीचे कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, म्हणून डीमॅट खातं सुरुवातीलाच उघडून ठेवा.

१८. वडिलांच्या शेअरना नॉमिनी मी एकटी आहे. भावाला वाटा द्यावा लागेल का?

मृत्युपत्र किंवा वारसा कायद्यानुसार त्याचा वाटा असेल, तर हो. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. कंपनी शेअर तुमच्या नावे करेल, पण तुम्ही ते हक्कदारांच्या वतीने धरून असता. वडिलांना ते तुम्हालाच द्यायचे असतील तर मृत्युपत्रात तसं लिहायला हवं होतं, नुसता नॉमिनीचा रकाना भरून भागत नाही. सोसायटीच्या शेअरलाही (प्र. १४) हेच तत्त्व लागू.

१९. कंपनी दिवाळखोरीत गेली. शेअर अजून डीमॅटमध्ये दिसतात, म्हणजे काही मिळेल?

रांग बघा. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यानुसार कंपनी गुंडाळताना आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारण घेऊन कर्ज देणारे आणि कामगारांचे २४ महिन्यांचे पैसे बरोबरीने, मग इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची देणी, मग बिनतारणी कर्जं, मग सरकारी देणी, इतर देणी, मग अग्रहक्क भागधारक, आणि सर्वांत शेवटी तुम्ही. कंपनी नव्या मालकाकडे गेली तरी जुने शेअर बहुधा रद्द होतात; २०२१ मध्ये दिवाण हाउसिंग फायनान्सच्या शेअरचं मूल्य शून्य धरलं गेलं. कंपनी चालू राहणं आणि तुमचा शेअर जिवंत राहणं यांचा संबंध नसतो.

कंपनी नव्या मालकाकडे देण्याची योजना मंजूर होईपर्यंत बाजारात असे शेअर दोन-चार रुपयांना खेळत असतात. 'इतक्या मोठ्या कंपनीचा शेअर इतका स्वस्त' म्हणून तेव्हा घेणाऱ्यांचेच आता 'शेअर खात्यातून गेले कुठे' असे मेल येतात. ते कुठे गेले याचं उत्तर बाजाराला कळवलेल्या या योजनेच्या प्रतीत असतं. त्यात 'विद्यमान भागभांडवल' या शब्दापुढे काय लिहिलंय तेवढं वाचलं तरी पुरतं. तोटा नेहमी वायाच जातो असं नाही, पण तो करात कधी आणि कसा धरता येईल हे विवरणपत्र भरण्याआधी सीएला विचारा, कारण शेअर विकून झालेला तोटा आणि रद्द होऊन झालेला तोटा यांना कर खातं सारखं वागवेलच असं नाही.